भावाचं कर्ज आणि माझे शेअर

२६ ऑगस्ट २०२५. हरतालिका होती. मी वाळूची पिंड करत बसले होते आणि आई मोबाईल घेऊन देवघरापाशी आली, चेहरा पार उतरलेला. "अगं, एचडीएफसी बँक निम्मी झाली! काल एकोणीसशेच्या वर होती, आज हजाराच्या आत. ट्रम्पनं केलं का हे?"

माझी आई ७६ वर्षांची. बाबा गेल्यावर शेअर तिच्या नावावर झाले, तेव्हापासून ती रोज दुपारी चहाबरोबर अ‍ॅप उघडते. तिला समजावलं की बँकेनं एकास एक बोनस दिलाय, एकाचे दोन शेअर झाले म्हणून भाव निम्मा दिसतोय. रेकॉर्ड डेट, म्हणजे ज्या दिवशी शेअर नावावर असेल त्यालाच बोनस तो दिवस, २७ ऑगस्टचा, पण त्या दिवशी गणेश चतुर्थीची सुट्टी, म्हणून भाव आदल्या दिवशीच बदलला. तिला पटलं. मग जाताजाता म्हणाली, "म्हणजे आपलं काही गेलं नाही ना? मग तुझ्या भावाचंच जायचंय फक्त."

कारण २७ तारखेपासून अमेरिकेत भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क (टॅरिफ) लागणार होतं. ७ ऑगस्टपासून २५ टक्के लागलंच होतं, त्यावर रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५. आणि माझा धाकटा भाऊ सोलापुरात टेरी टॉवेल विणतो.

पोस्ट मोठी होणार आहे. शेअरच्या टिपा हव्या असतील तर इथंच थांबा. मी सल्लागार नाही, कॉमर्स शिकवते, आणि तेही अकरावी-बारावीला.

भावाचे साचे, म्हणजे यंत्रमाग, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहेत. माल तो थेट पाठवत नाही, मुंबईच्या निर्यातदारामार्फत जातो. ऑगस्टमध्ये निर्यातदारानं सांगितलं, तयार माल ठेवा, नवीन विणू नका. अमेरिकेतला बायर (खरेदीदार) म्हणतो शुल्कातला वाटा तुम्ही उचला. टॉवेलमध्ये आमचा खरा स्पर्धक पाकिस्तान. तेव्हा त्याच्यावर १९ टक्के, बांगलादेशवर २०, आमच्यावर ५०. एवढ्या फरकात कसला वाटा उचलणार? मिळणारा सगळा नफा दिला तरी पुरत नाही. निम्मे साचे थांबले. बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, मात्र थांबत नाही, महिना संपला की व्याज खात्यातून जातंच.

आता माझी गंमत अशी की ज्या बँकेत त्याचं खातं, तिचेच दोनशे शेअर माझ्याकडे आहेत. बँकेचं नाव सांगत नाही, जाहिरात नको आणि बदनामीही नको. सरकारी आहे एवढं पुरे. म्हणजे भाऊ भरतो त्या व्याजातला एक बारीकसा कण लाभांश होऊन माझ्याकडे येतो. हे आधीही माहीत होतं, वर्गात ताळेबंद शिकवताना ठेवी कुठं आणि कर्जं कुठं लिहायची हे मीच मुलांना सांगते. पण ऑगस्टमध्ये ते अंगावर आलं.

एप्रिलमध्ये टीव्हीवर एकजण छातीठोकपणे सांगत होता, बँकांचे शेअर घ्या, टॅरिफचा त्यांना धक्का नाही, बँक काही अमेरिकेला माल पाठवत नाही. टॅरिफच्या धास्तीनं ७ एप्रिलला सेन्सेक्स २२२६ अंकांनी आपटला होता. पण दोन आठवड्यांतच बँक निफ्टी, म्हणजे बँकांच्या शेअरचा निर्देशांक, विक्रमी पातळीला पोचला, म्हणजे बाजारालाही तेच वाटत होतं. मी मात्र टीव्हीशी भांडत होते. बँक माल पाठवत नाही, पण माल पाठवणाऱ्याला पैसे कोण देतं? सूत कुणाच्या पैशानं येतं? भावाचे साचे थांबले की आज ना उद्या ते बँकेच्या वहीत उमटणारच!

आणि इथंच मी तोंडावर पडले. ऑगस्टनंतर सरकारी बँकांचे शेअर चढत गेले. दिवाळीपर्यंत माझ्या त्या दोनशे शेअरवर चांगली रक्कम दिसायला लागली. भावाकडे त्या दिवाळीत कामगारांना बोनस द्यायला पैशांची जुळवाजुळव चालली होती आणि माझं अ‍ॅप हिरवंगार. भाऊबीजेला त्याला ओवाळताना मला ते अ‍ॅप आठवलं, खरं सांगते.

असं का झालं? एकतर मोठ्या बँकेच्या कर्जांत घरकर्ज, गाडीकर्ज, सोनेतारण, मोठे उद्योग असं सगळं असतं, त्यात सोलापूरचे टॉवेल म्हणजे दर्यामें खसखस. दुसरं म्हणजे थकीत कर्जं. २०१८ च्या मार्चमध्ये बँकांची ढोबळ थकीत कर्जं (तरतूद वजा न करता) एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांच्या वर होती, मार्च २०२५ मध्ये ती २.३ टक्क्यांवर आली. घर आधीच साफ झालं होतं. त्यातच परदेशी गुंतवणूकदारांसाठी सरकारी बँकांत असलेली २० टक्क्यांची मर्यादा वाढणार अशी कुजबुज सुरू झाली. बाजाराला कुजबुज फार आवडते.

मर्यादेवरून एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून ठेवते. खासगी बँकांत परदेशी पैसा ७४ टक्क्यांपर्यंत येऊ शकतो, सरकारी बँकांत २० पर्यंतच. त्यामुळे जगात कुठं खट्ट झालं आणि परदेशी लोक पैसे काढायला लागले की आधी खासगी बँका झोडपल्या जातात. त्या आजारी असतात म्हणून नव्हे, त्या पटकन विकता येतात म्हणून. लग्नघरात पैसे कमी पडले की आधी बाईच्या पाटल्या जातात, शेत नाही जात, तसंच हे. याउलट राजकारणाचं वारं सुटलं की सरकारी बँका हलतात. त्यांचा मालकच निवडणुकीला उभा असतो!

याचा हिसका मी ४ जून २०२४ ला खाल्लाय. १ तारखेला संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले, ३ तारखेला सेन्सेक्स अडीच हजारांनी वर. मी शहाणी, त्या दिवशी स्टेट बँकेचे आणखी शेअर घेतले. ४ तारखेला निकाल, भाजप २४० वर अडकला, सेन्सेक्स ४३८९ अंकांनी खाली आणि स्टेट बँक एका दिवसात साधारण १४ टक्के पडली. दुपारी हात थरथरत होते. विकून मोकळी झाले. त्या एका दिवसात बँकेच्या कर्जदारांनी हप्ते भरायचं बंद केलं होतं का? ठेवी पळाल्या होत्या का? काहीच नाही. पण हे सुचायला रात्र झाली. आठवड्याभरानं तेच शेअर महाग भावानं परत घेतले. नवरा आजही पाहुण्यांसमोर हा किस्सा सांगतो. आता, माझ्या बाजूनं एवढंच की ३ जूनला धरलेला भाव परत दिसायला सव्वा वर्षाच्या वर लागलं. 'धरून ठेवा, सगळं येतं परत' म्हणणारे ते सव्वा वर्ष सांगत नाहीत.

आणि ते नेहमी परत येतंच असंही नाही. येस बँकेवर ५ मार्च २०२० ला निर्बंध आले, खात्यातून ५० हजारांच्या वर काढता येईना. शंभर किंवा त्याहून जास्त शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं गोठवले. ते ना निवडणुकीनं झालं ना टॅरिफनं. बँकेनं कुणाला कर्ज दिलं, त्यानं झालं. सप्टेंबर २०१९ मधली पीएमसी या सहकारी बँकेची गोष्टही तीच, सगळी अंडी एकाच बिल्डरच्या टोपलीत. मार्च २०२५ मध्ये इंडसइंडचा शेअर एका दिवसात २७ टक्के पडला, तोही स्वतःच्याच हिशेबातल्या घोळामुळे. म्हणून हल्ली मी बातम्या कमी बघते आणि तिमाही निकालात थकीत कर्जं किती, नव्यानं किती थकली, तरतूद (बुडतील त्या कर्जांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम) किती एवढंच आधी उघडते. कंटाळवाणं असतं. चहा लागतो.

राजकारणाचा एक धोका मात्र मी खरा मानते, तो टीव्हीवर फार दिसत नाही. कर्जमाफी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरानं माढा-मोहोळकडे काय केलं ते आम्ही पाहिलंय. त्या शेतकऱ्याला मदत मिळालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ असं सरकारनं सांगितल्यावर आज हप्ता भरणारा उद्या का भरेल? तुम्ही भरला असता? मी नसता भरला. माफीचे पैसे सरकार बँकेला देतं, पण कधी, हा प्रश्न असतो, आणि भरायची सवय मोडते ती वेगळीच. २०१७ आणि २०१९ च्या माफीनंतर गावागावांत 'भरणारा येडा' ही म्हणच झाली होती.

नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्यातदारांना सवलत दिली, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२५ मधले हप्ते पुढं ढकलता येतील म्हणून. मी भावाला उत्साहानं फोन केला. तो म्हणाला, "अक्का, निर्यातदार तो मुंबईचा. मी त्याला माल देणारा. आमचं खातं त्यात बसतं का, हे शाखेतल्या साहेबालाच सांगता येईना." आणि मी, भागधारक म्हणून, क्षणभर सुटकेचा श्वास सोडला. मग स्वतःचीच लाज वाटली. हप्ते ढकलले की थकबाकी तेवढ्यापुरती झाकली जाते, ते मला नको होतं. भावाला तेच हवं होतं.

तर मी काय केलं? सगळं विकलं नाही. मैत्रीण म्हणत होती, विक आणि सोनं घे. तिचं सोनं एप्रिलमध्येच तोळ्याला लाखाच्या वर गेलं, त्यामुळे तिच्याशी वाद घालायची सोय नाही. पण माझ्या बचतीतला निम्म्याहून जास्त पैसा बँकांच्या शेअरमध्ये होता, हे चूक होतं, आणि तेजीत ती चूक दिसत नव्हती. नोव्हेंबरात सरकारी बँकेचे दोनशेतले सव्वाशे विकले. मुलीची पुढच्या दोन वर्षांची फी बाजूला काढली, ती मुदत ठेवीत. उरलेले आहेत. पाच वर्षं लागणार नाहीत असेच पैसे त्यात ठेवलेत. पडले तर पडू देत, घास घशाखाली उतरेल एवढी नक्की खात्री झाली.

५ डिसेंबरला रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, पाव टक्का उतरून ५.२५ वर आला. फेब्रुवारीपासून एकूण सव्वा टक्का. बऱ्याच कर्जांचे दर लवकर उतरतात, ठेवींचे मात्र मुदत संपेपर्यंत तेच, मधल्या मधे बँकेचा नफा चेपला जातो. मी कागद घेऊन त्याचाच हिशेब मांडत बसले होते तर भावाचा फोन.

"अक्का, व्याज कमी होणार म्हणं."

"हो रे. तुझं कमी म्हणजे माझा लाभांश कमी."

"मग भाऊबीजेला साडी घातली ती वळती करून घे," म्हणाला आणि मागं खटखट ऐकू आली. किती साचे चालू केलेस, विचारलं. सहा, म्हणाला. युरोपची छोटी ऑर्डर आहे, रंग पांढराच, नफा नावाला.