आत्याकडून कबुली घ्यायला निघालेल्यांनो

आज फॅमिली ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज. "तिला सगळं कळतं. नाटकं आहेत नुसती. कुणीतरी एकदा ठणकावून सांगा." खाली पटापट अंगठे. अंगठेवाल्यांपैकी एकानेही आत्याजवळ अख्खी दुपार काढलेली नाही, हे वेगळं सांगायला नको.

पक्षाघाताच्या झटक्याने आत्याची डावी बाजू लुळी पडल्यावर डॉक्टर तिला म्हणाले, "दोन्ही हात वर करा." तिने उजवा केला. डावा पांघरुणावर तसाच पडलेला. "आणि दुसरा?" "केला की!" वर वैतागली, एवढं साधं यांना दिसत कसं नाही म्हणून. तो हात उचलून तिच्यासमोर धरला, तर माझ्याकडे बघून म्हणते, "हा तुझा असेल."

हे नाटक? कुणापुढे आणि कशासाठी?

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की असं होऊ शकतं. बाबिन्स्की नावाच्या पॅरिसच्या डॉक्टरने 1914 साली या, आपलं लुळेपण आपल्यालाच न कळण्याच्या, अवस्थेला अ‍ॅनोसोग्नोसिया हे नाव दिलं. आपल्याकडे अजून 'मुळातच हट्टी' यावरच गाडी अडलेली. अहो, शरीराची खबर ठेवणारी यंत्रणाच जायबंदी झाली, तर खबर देणार कोण? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस 1974 च्या अखेरीस झटक्याने डाव्या अंगाने लुळे पडले, आणि पत्रकारांना चक्क पायी भटकंतीला बोलावत होते. तेही नाटकीच म्हणायचे का?

डिमेन्शियातही, म्हणजे स्मृतिभ्रंशातही, बऱ्याच जणांचं हेच. "गोळी घेतली" हे खोटं नसतं. त्यांच्या लेखी ती घेतलेलीच असते.

माणूस कधी घाबरूनही नाकारतो, मान्य. गाडीची किल्ली काढून घेताना वाईटपणाही घ्यावा लागतो. घ्या ना मग! त्यासाठी समोरच्याकडून "मला जमत नाही" हे वदवून कशाला घ्यायचं?

परवा आत्या तरातरा उठायला निघाली. सांभाळणाऱ्या ताई "तुम्हाला चालता येत नाही" म्हणाल्याच नाहीत. "थांबा, मलाही यायचंय, हात द्या." दिला तिने. उजवाच, अर्थात. ना पडणं, ना भांडण. हातावरून हुज्जत घालणाऱ्या आम्हा सगळ्यांपेक्षा त्या शहाण्या.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. दादा, तुझंही कळतं मला. तुला ती दरारा असलेली जुनी आत्या परत हवीये. मलाही हवीये रे. रविवारी ये. फक्त तो हात तिला दाखवत बसू नकोस. आणि डावीकडे बसलास तर तिचं लक्षच जाणार नाही तुझ्याकडे, उजवीकडे खुर्ची ठेवते.