रात्री बारा वाजण्याची वाट

आज सकाळी कल्याणहून सुटलेल्या जलद लोकलच्या महिला डब्यात, मोबाइलवर मालिका पाहत बसलेल्या एका मावशींना शेजारची मुलगी म्हणाली, "असल्या रडक्या मालिकांवर कशाला डेटा घालवता?" मावशींनी ओशाळून फोन पर्समध्ये ठेवला. तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

कारण गेल्या वर्षी मीही आईला असेच बोलले होते. बाबा परळच्या एका रुग्णालयात होते आणि आई अकरा रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढत होती. घरच्या वायफायवर मी तिला मालिकेचे भाग डाउनलोड करून दिले होते. पण अशा भागांनाही मुदत असते आणि ती संपली की ॲप पुन्हा इंटरनेट मागते, हे ऐन वेळी कळले. त्या दिवसाचा दीड जीबी डेटा नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलमध्ये संपला होता. मी तिच्यावरच खेकसले, "एक दिवस मालिका चुकली तर काय बिघडते?"

पैसे आगाऊ मोजणाऱ्या बाईने काय पाहावे, हे इतरांनी का ठरवावे? एचडीत तासाला तीन जीबीपर्यंत जाणारा डेटा सर्वांत कमी दर्जात अर्ध्या जीबीच्या आत भागतो आणि मावशींचा भाग तर वीस-बावीस मिनिटांचा. तासन्‌तास चालणाऱ्या रील्सचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. खरी उधळपट्टी पाहायची तर पॅकमध्ये पाहा! आईने ज्या दिवशी फोनला हातही लावला नाही, त्या दिवशीचा डेटा मध्यरात्री बुडाला. गरज होती त्या रात्री वेग ६४ केबीपीएसवर आला, ज्यात चित्र जागचे हलत नाही. वर पॅक २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज. २०१६ पूर्वी एका जीबीला अडीचशेच्या आसपास रुपये पडत, त्या मानाने आज स्वस्ताई आहे, हे मान्य. पण स्वस्तात विकलेली वस्तू रात्री येऊन परत न्यायची नसते. उरलेला डेटा दुसऱ्या दिवशी वापरता यावा, एवढेच मागणे आहे.

त्या रात्री आई मला उलटून काहीच बोलली नाही. बाराला पाच मिनिटे कमी असताना मला जाग आली, तेव्हा ती एका कानात इअरफोन घालून, दुसरा कान वॉर्डाच्या दाराकडे ठेवून, नव्या दिवसाचा डेटा सुरू होण्याची वाट पाहत बसली होती.