पुढची म्हणजे पुढचीच

परवा मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझी स्क्रीन, आणि पुण्याचे साहेब म्हणाले, "पुढची फाईल दाखवा." मी कंट्रोल-टॅब दाबलं. उघडली 'पाणी' नावाची फाईल. नळाला कोणत्या वारी किती वाजता पाणी आलं, याची नोंद मी तिच्यात ठेवतो. सोलापुरात राहणाऱ्याला यात विनोद दिसणार नाही. साहेबांना दिसला. "हे कुठल्या क्लायंटचं?" सगळे हसले. हसायला काय जातंय, त्यांना रात्री दोनला उठून पिंपं भरायची नसतात.

माझ्या एडिटरच्या, म्हणजे मी ज्यात फाईली उघडून काम करतो त्या प्रोग्रामच्या, लेखी कंट्रोल-टॅब म्हणजे पुढची फाईल नव्हे, तर याआधी तुम्ही जिच्यात होता ती. दोनच फाईलींत ये-जा असेल तर झकास. रांगेनं उघडून बसणाऱ्याला नुसता ताप. रांगेनं जायला कंट्रोल-पेजडाउन आहे, पण माझ्या लॅपटॉपवर पेजडाउन बाणाच्या बटणात लपवलंय, ते काढायला एफएन दाबा. म्हणजे पुढच्या फाईलीत जायला तीन बटणं. लॅपटॉप बारीक करायच्या नादात हे लोक आमच्या बोटांचा विचारच करत नाहीत.

रविवारी कंट्रोल-के, कंट्रोल-एस करून शॉर्टकटांची यादी उघडली, आणि तेवढ्यात पेपर मागायला शेजारचे काका आले. काका कोर्टातले निवृत्त टायपिस्ट. मिनिटाला मराठी चाळीस शब्द, इंग्रजी साठ. दोन्ही सर्टिफिकिटं फ्रेम करून हॉलमध्ये.

"काय करायलास बे?"

"बटणं बदलतोय, काका."

"तुटली काय?"

"नाही, त्यांचं काम बदलतोय."

काकांनी पेपर ठेवला, खुर्ची ओढली. "म्हंजे 'क' दाबलं की 'ख' उमटणार?"

"नाही हो. कंट्रोल धरून टॅब दाबलं तरच."

"टॅब आमच्या टाइपरायटरला पण होतं की. दाबलं की गाडी सर्रकन पुढं. आधी कुठं होती ते बघायला मागं कधी गेली नाही."

एवढ्या पगारी लोकांना न कळलेली गोष्ट या माणसानं चहाच्या आधी सांगितली. मी 'पुढचा एडिटर उघडा' (इथं एडिटर म्हणजे उघडलेली फाईल) या कमांडला कंट्रोल-टॅब दिलं. लगेच सूचना आली: हे बटण आधीच दुसऱ्या कमांडकडे आहे.

"एका खुर्चीवर दोन क्लार्क?" काका खवळले. "जुन्याची बदली कर!"

तशी गरज नसते. आपण केलेला नियम मूळ नियमावर वरचढ ठरतो. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "आमच्यात असं नव्हतं. जुना सुटत नसतोय." मागं यायला कंट्रोल-शिफ्ट-टॅब, तेही वेगळं बदलावं लागतं. तेवढ्यात काकांचा पुढचा सवाल: "आणि परीक्षेला दुसऱ्याच्या मशीनवर बसवलं तर?"

"तिथं जुनंच चालणार."

"मग नापास."

परीक्षा कसली, पण सोमवारी सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर बसलो की पुन्हा भलतीच फाईल समोर येणार, हे खरंच. बोटांना सवय घरची आणि नोकरी दुसऱ्यांच्या बटणांवर.

मग काकांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. खट, पुढची फाईल. खट, पुढची. चेहऱ्यावर कोर्टातला जुना रुबाब. मग एका फाईलीत घुसून लांबलचक ओळ बडवली आणि थांबले.

"घंटी कुठाय?"

"कसली?"

"ओळ संपत आली की घंटी वाजायची. ह्याला नाही?"

"नाही, काका."

"सेटिंग असंल. शोध की. पगार घेतोस ना?"