इसब, जनुकं आणि आईची उलटतपासणी

बाळाच्या गालावर लाल चट्टे उठले, रात्रभर खाजवून ते रडू लागलं, की घरातली चौकशी हमखास आईपासून सुरू होते. गरोदरपणी काय खाल्लं होतंस? साबण कुठला लावतेस? मला लहानपणापासून इसब आहे, त्यामुळे ही उलटतपासणी मी आधी आईची होताना पाहिली, पुढे भाचीच्या निमित्ताने बहिणीची. आता पुरे झालं, म्हणून लिहितोय.

इसब म्हणजे इथे अ‍ॅटोपिक डर्मटायटिस, दमा-शिंकांसारख्या ॲलर्जींशी नातं असलेला, खाज सुटणारा त्वचेचा दाह. तो घराण्यात चालतो हे जुनंच निरीक्षण. जुळ्यांच्या अभ्यासांनी त्याला वजन दिलं: एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला इसब असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास, आणि वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत जेमतेम २०. पोट तेच, घर तेच, आईही तीच. मग एवढा फरक कशाने पडला?

२००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकावर बोट ठेवलं. हे प्रथिन त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात केराटिनचे तंतू घट्ट बांधतं. नंतर त्याचे तुकडे होतात आणि त्यांतून पाणी धरून ठेवणारी द्रव्यं तयार होतात. जनुकात बिघाड असला की ते कमी बनतं किंवा बनतच नाही. मग त्वचेतलं पाणी उडून जातं, बाहेरचं नको ते आत शिरतं आणि प्रतिकारशक्ती चवताळते. म्हणजे निदान काही जणांत तरी सुरुवात कातडीच्या तटबंदीपासून होते, ॲलर्जी मागाहून येते. अशा लोकांच्या तळहातावर बऱ्याचदा रेषांचं दाट जाळं असतं. हात बघून भविष्य सांगणाऱ्यांची चंगळच!

पण 'जनुक सापडलं, प्रश्न मिटला' असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत दहातल्या साधारण एकाकडे फिलॅग्रिनचा असा बिघाड असतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यात कधी इसब होत नाही. उलट तीव्र इसब असलेल्या कितीतरी जणांचं हे जनुक ठणठणीत असतं. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हे बिघाड कमी आढळतात, इसब मात्र कमी नाही. इसबाशी नातं असलेल्या इतर अनेक जागा जनुकसंचात सापडल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा प्रतिकारशक्तीशी निगडित आहेत. शिवाय कोरडी थंड हवा, तीव्र साबण, कठीण पाणी यांचा वाटा आहेच.

'जन्मल्यापासून मॉइश्चरायझर चोपडलं असतंस तर…' हा आणखी एक टोमणा. ब्रिटनमध्ये कुटुंबात ॲलर्जीचा इतिहास असलेल्या १,३९४ बाळांवर नेमकं हेच तपासलं गेलं. अर्ध्या बाळांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावलं. निकाल २०२० मध्ये आला: दोन वर्षांच्या वयात लावलेल्यांपैकी २३ टक्के बाळांना इसब होता, न लावलेल्यांपैकी २५ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. मला तर हा निकाल सगळ्या आयांना पाठवून द्यावासा वाटतो. (इसब झाल्यावर मात्र मॉइश्चरायझर हवंच, आणि डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम ऐकीव भीतीपोटी अर्ध्यावर सोडू नका.)

जनुकचाचणी करून घ्यावी का, असं काही जण विचारतात. नेहमीच्या इसबासाठी मला तरी तो खर्च फुकट वाटतो, कारण अहवाल काहीही आला तरी रोजचा उपचार बहुतेक तोच राहतो.

आणि जनुकांचं समजावून सांगितल्यावर दुसऱ्याच मिनिटाला 'म्हणजे हे तुमच्या माहेरकडचं!' असं ऐकायची माझी तयारी आहे. तर, जनुकं दोघांकडून येतात. ज्याला जन्मात कधी खाज सुटली नाही अशा बापाकडूनही बिघाड येऊ शकतो. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञाकडे जाल तेव्हा बाबांनाही सोबत न्या, आणि त्यांच्या बाजूला कुणाला दमा, सतत शिंका किंवा लहानपणी कोपराच्या खोबणीत चट्टे होते का, ते आदल्या रात्री फोन करून विचारून ठेवा.