कापूर हुंगून तांगलांग ला चढता येत नाही

मनाली–लेहचा हंगाम जवळ आला की सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. थोडक्यात असा: रोज सिंहगड मारणाऱ्याला विरळ हवा लागत नाही. खिशात कापूर ठेवा, लसूण खा, पाच-सहा लिटर पाणी प्या. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) सुरू केली की मुक्काम कुठेही करा. डोकं दुखलं तर ऑक्सिजनचा कॅन मारा, गोळी घेऊन झोपा, सकाळी ताजेतवाने व्हाल. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण यातला शेवटचा सल्ला जीव घेऊ शकतो, आणि आधीचे सगळे माणसाला तिथवर नेऊन सोडतात.

‘फिट माणसाला त्रास होत नाही.’ होतो. १९६९ साली भारतीय लष्करी डॉक्टरांनी उंचीवर आजारी पडलेल्या १,९२५ सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही सगळी तरुण, कसलेली माणसं होती. विरळ हवेत हवेचा दाब कमी होतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो: लेहला समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश, तर त्याच रस्त्यावरच्या, ५,३२८ मीटर उंचीच्या तांगलांग ला खिंडीत जवळपास निम्मा. याला जुळवून घ्यायला शरीर श्वास वाढवतं, मूत्रपिंडं रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल बदलतात, आणि या कामाला काही दिवस लागतात. मांड्यांच्या ताकदीने ते लवकर उरकत नाही. सिंहगड सुमारे १,३०० मीटर, आपलं कळसूबाई १,६४६. मनाली गावच २,००० मीटरच्या वर आहे. उलट दमदार सायकलस्वाराला धोका जास्त, कारण तो एका दिवसात नको तितका वर पोचतो.

कापूर आणि लसूण. कापूर हुंगला की नाकातल्या थंडाव्याच्या संवेदना जाग्या होतात आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. पोटात गेला तर कापूर विषारी आहे, झटके येऊ शकतात. लसणाचं सूप गरम म्हणून जरूर प्या, औषध म्हणून नको.

‘जितकं पाणी जास्त तितकं बरं.’ कोरड्या हवेत सायकल चालवताना पाणी लागतंच, पण तहानेच्या पलीकडे लिटरच्या लिटर ढोसल्याने रक्तातलं सोडियम खाली येतं. त्यानेही डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. म्हणजे नेमकं काय झालंय हे ओळखणंच अवघड होऊन बसतं.

‘डायमॉक्स घेतली की मुक्काम कुठेही करा.’ डायमॉक्स उपयोगी आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. ती त्रास झाकत नाही, श्वास वाढवून जुळवून घेण्याचा वेग वाढवते. सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फाची अ‍ॅलर्जी आणि बाकीची औषधं बघून डॉक्टरांनीच ठरवावं. घोटाळा आहे तो ‘कुठेही’ या शब्दात. दिवसा किती उंच गेलात त्यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात हे महत्त्वाचं. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा सर्वमान्य नियम आहे.

आता रस्त्याकडे पाहा. मनालीहून निघाल्यावरचे नेहमीचे मुक्काम: जिस्पा साधारण ३,२०० मीटर, सर्चू जवळजवळ ४,३००. जिस्पाहून निघून बारालाचा खिंड ओलांडून सर्चूला तंबू ठोकणं म्हणजे एका रात्रीत हजारावर मीटरची उडी. अनेक ग्रुपांच्या आखणीत हीच उडी असते, कारण सुट्ट्या कमी असतात. त्याऐवजी जिस्पाला दोन रात्री, मग वाटेतलं पत्सेओ, मग झिंगझिंगबार आणि त्यानंतर सर्चू असं करता येतं. जास्तीच्या या दोन-तीन सुट्ट्या कार्बन फ्रेमपेक्षा मोलाच्या आहेत, हे मला मनापासून वाटतं.

ऑक्सिजनचा कॅन. बाजारात मिळणाऱ्या कॅनमध्ये साधारण १० लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटर धरला तर पाच मिनिटं. बस.

‘गोळी घेऊन झोपा.’ नुसतं डोकं दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालेल, पण डोकेदुखी जाईपर्यंत त्याच उंचीवर थांबायचं, वर जायचं नाही. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही वर्ज्य, कारण श्वास मंदावतो. पण सोबत्याचा तोल जात असेल, सरळ रेषेत टाचेला पाऊल लावून चालता येत नसेल, बोलणं विसंगत होत असेल, तर मेंदूला सूज येते आहे असं धरा. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, तर फुफ्फुसात पाणी भरतंय. हे बहुधा रात्री वाढतं. अशा माणसाला सकाळपर्यंत झोपवून ठेवू नका, त्याच क्षणी खाली न्या. ऑक्सिमीटरचा आकडा बरा दिसला तरी थांबू नका. गार बोटांवर तो चुकतो.

आणि इथेच हा रस्ता दगा देतो. सर्चूहून खाली जायचं म्हटलं तरी एका बाजूला बारालाचा, दुसऱ्या बाजूला गाटा लूप्सची २१ वळणं आणि पुढे ५,००० मीटरवरची लाचुंग ला खिंड. त्यापुढच्या पांगच्या मुक्कामाहून लेहकडे जायचं तर तांगलांग ला. उतरण्यासाठी आधी चढावं लागतं. आजारी माणसाला सायकलवर किंवा पायी ते करायला लावलं तर श्रमाने फुफ्फुसं आणखी बिघडतात. गाडीच हवी, शक्य असेल तर ऑक्सिजनचा मोठा सिलिंडरही. म्हणून जिस्पाच्या अलीकडचं केलाँग गाव सोडण्याआधीच ठरवा: सोबतची गाडी रात्री कुठे उभी राहील, मध्यरात्री चालवणार कोण, आणि ‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्याला न जुमानता गाडीत बसवण्याचा अधिकार कोणाचा. सर्चूहून केलाँगचं रुग्णालय गाठायचं, पांगला असाल तर आधी तिथल्या लष्करी तळावर मदत मागायची.