तिग्रान पेट्रोसियनला भित्रा म्हणू नका

गेल्या रविवारी माझी भाची एका शाळकरी बुद्धिबळ स्पर्धेत खेळली. अकरा वर्षांची आहे. चौथ्या फेरीत तिची गाठ बऱ्याच वरच्या रेटिंगच्या मुलाशी पडली. दोन तास पोरगी जागची हलली नाही. त्याचा एकेक हल्ला परतवत शेवटी तिने डाव बरोबरीत सोडवला. मला तर तिला उचलून घ्यावंसं वाटलं. पण हॉलबाहेर आल्यावर एका प्रशिक्षकांनी सगळ्यांदेखत तिला विचारलं, "काय गं, पेट्रोसियन व्हायचंय का तुला? असं भीत भीत खेळून कुठे पोचणार?"

रिक्षात ती गप्प बसून होती. घर जवळ आल्यावर तिने विचारलं, "मामा, पेट्रोसियन कोण होता? घाबरट होता का?"

त्या प्रश्नाने मला जे लागलं ते अजून गेलेलं नाही. गेली तीस वर्षं मी बुद्धिबळाच्या या माजी जगज्जेत्याचे डाव पटावर मांडून बघतोय. बुद्धिबळ थोडंफार जाणणारी माणसंसुद्धा त्याला 'बरोबरीवाला', 'कंटाळवाणा', 'ताकही फुंकून पिणारा' म्हणून मोकळी होतात, तेव्हा मला राहवत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तिग्रान पेट्रोसियनचा जन्म १९२९ सालचा, जॉर्जियातल्या तिबिलिसीचा. घर आर्मेनियन. युद्धाच्या काळात आईवडील दोघंही गेले. पोरगं पंधरा-सोळा वर्षांचं, हातात झाडू आला. बर्फात, थंडीत रस्ते झाडायचं काम केलं, आजारपणं काढली आणि त्यात कान अधू झाले ते कायमचेच. त्या उपासमारीच्या दिवसांत रेशनच्या पैशातून त्याने निम्झोविच या बुद्धिबळपटूचं पुस्तक विकत घेतलं. पोटाला चिमटा काढून घेतलेलं ते पुस्तक त्याने अक्षरशः तोंडपाठ केलं. त्याचे पहिले गुरू एब्रालिद्झे हेही निम्झोविच आणि कापाब्लांका यांचेच भक्त. समोरच्याच्या मनात काय आहे ते आधी ओळखायचं आणि उगवण्याआधीच खुडायचं, हा विचार तिथून आला. आपल्याकडे शेतकरी पावसाआधी बांधबंदिस्ती करतो तसं. बांध फुटला की गावभर बोभाटा होतो. जो फुटला नाही त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पेट्रोसियनच्या वाट्याला आयुष्यभर हेच आलं.

पण मला बोलायचंय ते एका खेळीबद्दल. रिक्षातून उतरल्यावर भाचीला जेवायलाही न लावता (बहिणीची बोलणी खाल्ली) मी पट मांडला. १९५३, झ्युरिकची आव्हानवीरांची स्पर्धा, म्हणजे जी जिंकणारा जगज्जेत्याला आव्हान देतो ती. पांढरी मोहरी अमेरिकेच्या सॅम्युएल रेशेव्हस्कीकडे, काळी पेट्रोसियनकडे. पंचविसावी खेळी काळ्याची.

स्थिती अशी (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी एक ते आठ; डी४ म्हणजे डी-पट्टीतलं चौथं घर). पांढऱ्याची डी४ आणि ई५ ही प्यादी मध्यभागी जोडीने उभी. ई-पट्टीवर मागे दोन हत्ती, एकामागे एक. जी४ वर उंट. काळ्याचे हत्ती ई७ आणि डी८ वर, घोडा सी६ वर, वजीर ई८ वर अवघडून बसलेला. आता पांढरा प्यादी पुढे रेटणार आणि काळ्याच्या मोहऱ्या आपसांतच चेंगरणार हे स्पष्ट दिसतं. भाचीलाही दिसलं. ती म्हणाली, "मामा, हा गेला."

"तू काय करशील?"

तिने घोडा हलवून बघितला, प्यादं हलवून बघितलं, वजीर बाजूला नेऊन बघितला. दहा मिनिटं गेली. मग मी ई७ वरचा हत्ती उचलला आणि एकच घर पुढे, ई६ वर ठेवला.

"अहो मामा, उंट खातोय ना त्याला! फुकट गेला हत्ती!"

हो, उंट खातोच. पण नीट बघा. हत्तीने ई६ वर बसून पांढऱ्याच्या ई-प्याद्याची वाट अडवली. ई७ हे घर रिकामं झालं. आता सी६ वरचा घोडा ई७ वर येणार आणि तिथून डी५ वर. आणि पांढऱ्याने उंटाने हत्ती खाल्ला की काळा एफ७ वरच्या प्याद्याने तो उंट घेणार, म्हणजे ते प्यादं ई६ वर येऊन डी५ च्या घोड्याला कायमचा टेकू देणार. पांढऱ्या घरांतून फिरणारा पांढऱ्याचा उंट तर गेलेलाच, मग त्या घोड्याला हुसकावणार कोण? हत्तींपुढची ई-पट्टी तर बंदच. हत्ती पाच गुणांचा, उंट तीन गुणांचा, असं आपण मुलांना शिकवतो. पण ज्या हत्तीला जायला रस्ताच नाही त्याची किंमत पाच कशी?

रेशेव्हस्कीने हत्ती लगेच खाल्ला नाही, आधी ए-प्यादं सरकवलं. पेट्रोसियनने घोडा ई७ वर आणला. मग हत्ती खाल्ला गेला आणि घोडा डी५ वर जाऊन बसला तो बसलाच. पुढे काळ्याचा उंट डी३ वर घुसला, तेव्हा रेशेव्हस्कीनेच आपला हत्ती त्या उंटासाठी परत देऊन टाकला. एकेचाळिसाव्या खेळीनंतर डाव बरोबरीत सुटला.

बरोबरीत! निकालाच्या तक्त्यात अर्धा गुण. तक्ता बघणाऱ्याला वाटणार, दोघांनी हात मिळवले आणि चहाला गेले असतील. पण त्या अर्ध्या गुणात केवढी कल्पनाशक्ती आहे! मिखाईल तालसारखा जादूगार मोहरा फेकायचा तो समोरच्या राजाचा जीव घ्यायला. लोक टाळ्या वाजवायचे आणि वाजवायलाच हव्यात, ताल मलाही अतिशय प्रिय आहे. पण हल्ल्यासाठी मोहरा देताना निदान समोर मात दिसत असते, आशा असते. बचावासाठी, एका घोड्याला बसायला चांगलं घर मिळावं म्हणून, शांतपणे अख्खा हत्ती देणं? जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंसमोर, चोवीस वर्षांचा असताना? भित्र्या माणसाला हे सुचतं का? भित्रा माणूस हत्तीला कवटाळून बसतो आणि गुदमरून हरतो.

हा हत्तीचा बळी पुढे त्याची ओळखच झाली. आज संगणक असे बळी सर्रास सुचवतात आणि आपण मान डोलावतो. त्या काळी त्याच्याकडे फक्त पट होता आणि स्वतःचं डोकं.

त्याच्यावरचा एक आरोप मात्र मी झटकणार नाही. १९६२ ची क्युरासावची आव्हानवीरांची स्पर्धा त्याने २७ पैकी साडेसतरा गुणांनी जिंकली. ८ डाव जिंकले, १९ बरोबरीत, हार एकही नाही. पण पेट्रोसियन, केरेस आणि गेलर या तिघांचे आपसांतले सगळेच्या सगळे डाव बरोबरीत सुटले आणि तेही बहुतेक थोडक्यात. अमेरिकेच्या बॉबी फिशरने सोव्हिएत खेळाडूंवर संगनमताचा जाहीर आरोप केला आणि जागतिक संघटनेने पुढे स्पर्धेचं स्वरूपच बदलून थेट सामने सुरू केले. ते तीन मित्र आपसांत दम राखत होते हे मलाही उघड दिसतं आणि ते मला आवडत नाही. पण उरलेल्या पाच जणांविरुद्धचे डाव? ते कुणी आंदण दिले नव्हते. एवढ्या लांब स्पर्धेत, एवढ्या उकाड्यात एकदाही न हरणं हे संगनमताने होत नाही.

पुढच्याच वर्षी मॉस्कोत बोट्विनिकशी सामना झाला. बोट्विनिक म्हणजे १९४८ पासून मधली दोन छोटी वर्षं सोडली तर गादीवर बसलेला माणूस. पहिलाच डाव पेट्रोसियन हरला. पण माणूस डळमळला नाही. हळूहळू त्याने त्या पोलादी म्हाताऱ्याला दमवलं आणि साडेबारा विरुद्ध साडेनऊने तो जगज्जेता झाला. १९६६ मध्ये बोरिस स्पास्की चालून आला, त्यालाही साडेबारा-साडेअकराने थोपवलं. गादीवर बसलेल्या जगज्जेत्याने आव्हानवीराला सामन्यात हरवण्याची ती १९३४ नंतरची पहिलीच वेळ होती. १९६९ मध्ये मात्र तोच स्पास्की तयारीने परत आला आणि जिंकला.

त्या १९६६ च्या सामन्यातला दहावा डाव ज्यांनी बघितला नसेल त्यांनी आज रात्रीच बघा. पेट्रोसियन पांढरी मोहरी घेऊन खेळतोय. स्पास्की राजाच्या बाजूने तुटून पडलाय. पेट्रोसियनने एक हत्ती उंटासाठी सोडला. तीन खेळ्यांनी दुसरा हत्ती घोड्यासाठी सोडला. दोन्ही हत्ती गेले! काळ्याचा हल्ला थंड, आणि पांढऱ्याचे दोन घोडे, एक उंट, एक वजीर पटाच्या मधोमध राज्य करतायत. आणि तिसाव्या खेळीला वजीर थेट एच८ वर, काळ्या राजाच्या तोंडात, शह! राजाने वजीर खाल्ला की घोडा एफ७ वरचा हत्ती घेऊन पुन्हा शह देतो आणि त्याच घोड्याच्या तावडीत जी५ वरचा काळा वजीर. स्पास्कीने तिथेच डाव सोडला. तालच्या नावावर हा डाव खपवला तर कुणीही विश्वास ठेवेल. "कंटाळवाणा" म्हणणाऱ्यांना मी हाच डाव दाखवतो.

तो नेहमी असा का खेळला नाही, असं मग विचारतात. कारण त्याला गरज पडली तरच तो तलवार काढायचा. गरज पडूच नये याची तजवीज तो आधी करायचा. १९६० मध्ये हॅम्बर्गला उन्झिकरशी खेळताना त्याने समोरच्याला पूर्ण जखडून टाकलं होतं. आता राजाच्या बाजूची प्यादी पुढे काढायची होती. पण प्यादी पुढे गेली की राजा उघडा पडणार. मग काय केलं? समोरचा काहीच करू शकत नाही याची खात्री असल्यामुळे आपला राजा एकेक घर चालवत वजिराच्या बाजूला कोपऱ्याकडे नेऊन ठेवला. घरातली म्हातारी माणसं आणि लेकरं आधी सुरक्षित जागी पोचवावीत, मग दरवाजा उघडावा, तसं. आणि नंतर हल्ला केला. हा डाव मांडताना माझ्या चेहऱ्यावर आपोआप हसू येतं, इतका तो मायेने खेळलेला आहे.

चुका त्याच्याही झाल्या. १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला ब्रॉन्स्टाइनविरुद्ध डाव हातात होता. ब्रॉन्स्टाइनला हलवायला काही उरलं नव्हतं, तो नुसता घोडा पुढेमागे करत होता. त्या घोड्याचा वजिरावर डोळा आहे हे पेट्रोसियनला दिसलंच नाही. घोड्याने डी६ वरचा वजीर सरळ उचलला. जगातल्या सर्वात सावध माणसाच्या बाबतीत हे घडलं! मी स्वतः एखादा मोहरा फुकट घालवतो तेव्हा हा डाव आठवतो.

कानाचं म्हणाल तर तो श्रवणयंत्र लावायचा आणि हवं तेव्हा बंद करायचा. १९७१ मध्ये सेव्हिल शहरात जर्मनीच्या ह्युबनरशी सामना होता. रस्त्यावरच्या गोंगाटाने ह्युबनर हैराण झाला. पेट्रोसियनने यंत्र बंद केलं आणि आपल्या शांततेत खेळत राहिला. सातवा डाव हरल्यावर ह्युबनरने सामनाच सोडून दिला. लहानपणी बर्फात रस्ते झाडताना जे गमावलं, ते त्या दिवशी असं कामी आलं. देशोदेशीच्या संघांच्या दहा बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये मिळून सुमारे १३० डाव खेळून तो फक्त एकदा हरला, १९७२ मध्ये स्कोप्येला, आणि तोही याच ह्युबनरकडून.

त्याच १९७१ च्या वर्षी फिशर तुफान सुटला होता. एकामागून एक ग्रँडमास्टर सपशेल हरत होते, सलग, एकही बरोबरी नाही. ब्युनोस आयर्सला आव्हानवीरांच्या अंतिम सामन्यात समोर पेट्रोसियन होता, त्याचा पहिला डावही फिशरने घेतला. ती माळ तुटली दुसऱ्या डावात आणि तोडली पेट्रोसियनने. पुढचे तीन डाव बरोबरीत. मग मात्र सलग चार डाव हरून तो साडेसहा-अडीचने पडला. वयही झालं होतं आणि समोरचा माणूसही वेगळाच होता. पण त्या झंझावातासमोर पाच डावांनंतरही गुणांनी बरोबरीत उभा असलेला तो एकटाच.

आर्मेनियाने त्याला डोक्यावर घेतलं. येरेव्हानच्या बुद्धिबळ भवनाला त्याचं नाव आहे, तिथल्या २००० द्रामच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे. पुढे त्या चिमुकल्या देशाने २००६, २००८ आणि २०१२ अशी तीन ऑलिम्पियाड जिंकली. ती पोरं याच माणसाचं नाव ऐकत मोठी झाली होती.

बुधवारी संध्याकाळी भाची स्वतःहून आली. पाटी-दप्तर टाकून आधी पटाशी. मी तिला १९८१ चा टिलबर्गचा डाव लावून दिला. पेट्रोसियन ५२ वर्षांचा, समोर अठरा वर्षांचा गॅरी कास्पारोव्ह, आग ओकत चालून येणारा. काळ्या राजाभोवती पांढऱ्याच्या मोहऱ्या घोंघावतायत. मी एका ठिकाणी थांबलो आणि विचारलं, आता?

ती बराच वेळ बघत बसली. हनुवटीखाली दोन्ही मुठी. मग तिने हत्तीकडे बोट नेलं, मागे घेतलं. वजिराकडे नेलं, मागे घेतलं. आणि हळूच काळा राजा उचलून एक घर पुढे, त्या गर्दीत, सी६ वर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

पेट्रोसियनने तेच केलं होतं. तो डाव तो जिंकला.