'गेले ते मेले' म्हणून भागत नाही

"इसिसमध्ये गेले ते मेले. ब्रिटनसारखं नागरिकत्व काढून घ्या. इथे आणलं तर काही सिद्ध होणार नाही, जामिनावर मोकळे फिरतील." इसिस या दहशतवादी संघटनेत गेलेल्या भारतीयांना परत आणावं का, यावरचा हा मजकूर घरच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. संताप मलाही कळतो, पण मजकूर कच्चा आहे.

आधी नागरिकत्व. 1955 च्या कायद्याचं कलम 10 हे मुख्यतः नोंदणी किंवा अर्ज करून नागरिक झालेल्यांसाठी आहे. जन्माने भारतीय असलेल्याला त्याखाली बाहेर काढता येत नाही. ब्रिटननेसुद्धा इसिसकडे गेलेल्या शमीमा बेगमला बेवतन, म्हणजे कुठल्याच देशाची नसलेली, करतोय असं म्हटलं नाही. ती आईवडिलांकडून बांगलादेशी ठरते, असा आधार घेतला. बांगलादेशाने साफ नकार दिला. 15 व्या वर्षी लंडन सोडलेली मुलगी सीरियातल्या छावणीत अडकून पडली. आपल्या घरचा कचरा शेजाऱ्याच्या अंगणात, दुसरं काय!

'तिकडेच सडू द्या.' तिकडचे तुरुंग काय येरवडा आहेत? जानेवारी 2022 मध्ये इसिसने सीरियातल्या हसाका इथल्या तुरुंगावर हल्ला केला, कैदी पळाले, लढाई कित्येक दिवस चालली.

'काही सिद्ध होणार नाही.' इराकमध्ये इसिसकडे जाऊन परतलेल्या केरळच्या एकाला 2020 मध्ये विशेष एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) न्यायालयाने जन्मठेप सुनावली. त्यात भारतीय दंडविधानाचं कलम 125 लागलं, म्हणजे मित्रराष्ट्राविरुद्ध युद्ध पुकारणं. जुनं, धूळ खात पडलेलं कलम, पण कामी आलं.

जामिनाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. कल्याणचे चार तरुण मे 2014 मध्ये यात्रेकरूंबरोबर बगदादला गेले. एक त्याच नोव्हेंबरात परतला आणि लगेच अटकेत गेला. सहा वर्षं उलटली तरी खटला संपेना, म्हणून फेब्रुवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा जामीन कायम ठेवला. चीड यायला हवी ती या रेंगाळण्याची. तो परत आला याची कसली?

आणि एक आठवण. 26/11 च्या खटल्यासाठी, हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणाऱ्या आणि अमेरिकेच्या तुरुंगात असलेल्या हेडलीची साक्ष आपल्याला व्हिडिओवरून घ्यावी लागली, तीही त्याला माफी देऊन. त्याच प्रकरणातला आरोपी, हेडलीचा मित्र राणा 2009 मध्ये शिकागोत पकडला गेला, आपल्या हाती लागला एप्रिल 2025 मध्ये. परक्या देशाच्या ताब्यातल्या माणसांसाठी इतकी वर्षं खपलो, आणि आपलाच माणूस समोर असताना, ज्याला भरती करणाऱ्याचं नाव, पैशाची वाट ठाऊक आहे, त्याला म्हणायचं, तिकडेच थांब?